सुपडू पेंटरचा ळ

आमच्या तोंडात ळ नाही.
सावद्यात डोळ्याला डोया म्हणतात, शाळेला शाया,
जळगावला जयगाव,
आणि ज्या मालावर गाव जगतं, त्याला केयी.
तरी सुपडू पेंटर ट्रकच्या फाळक्यावर
बाकी अक्षरं एका दमात ओढायचा
आणि ळ आला की ब्रश बदलायचा.
दोन गोळे, डावा जरा थोराड,
मधे गाठ, दाव्याला मारतात तशी,
उजव्या पोटात पांढरा ठिपका.
"हा मी," म्हणायचा.
खाली सही नसायची. 'सुपडू'त ळ कुठे आहे?

मी तेव्हा टॉकीजात मशीन चालवायचो.
तो दर शुक्रवारी शेवटच्या खेळाला,
भिंतीकडची खुर्ची, हात तुटलेली,
मांडीवर वही.
अंधारात लिहायचा, ओळी एकमेकींवर चढायच्या:
दुसरं रीळ. व्हिलनचा गॉगल. ठिपका बरोबर उजवीकडं.
हिरोइन पाठमोरी. वेणीची गाठ माझी.
कोर्टातला तराजू. डावं पारडं मोठं. कोणी न्याय करतं का असा?

मी म्हटलं, सुपडूभाऊ, पिक्चर हिंदी आहे.
हिंदीत ळ नसतोच.
त्यानं माझ्याकडं असं पाहिलं
की हरवलेली किल्ली मीच आणून दिली.
"तेच तं म्हंतो भो.
नसतो, तं मंग आला कुठून?"

पैसे नको होते त्याला. वकील नको, पेपरात फोटो नको.
द्वारकाबाई म्हणायच्या, एखादं कार्ड तरी टाका त्यांना.
टाकतोच ना, म्हणायचा.
त्याची कार्डं म्हणजे ट्रक,
दिल्लीला, कानपूरला, मुंबईला.
कधी ठिपका डावीकडं,
कधी गाठ सैल.
एकदा 'केळी'तल्या ळ ला पापणी काढली,
सरदारजी ड्रायव्हर भांडला, अर्धेच पैसे दिले.
चार महिन्यांनी एका पिक्चरात
म्हातारा डॉक्टर कारण नसताना डोळा मारतो.
सुपडू उभा राहिला. मागून शिट्ट्या, शेंगांची टरफलं.
जिना चढून माझ्या खोलीत आला, धापा टाकत:
"ते मले वयखतात."
त्या शब्दात एक ळ असायला हवा होता.

मग मी ते केलं, जे करायला नको होतं.
हिरो पळतो, मागं भिंत, भिंतीवर कायसंसं,
सुपडू म्हणाला ते माझं.
सात चौकटी कापून दिल्या त्याला.
कात्री, सिमेंट, दोन मिनिटांचं काम.
वाटलं, हातात आलं की एकदाचा शांत होईल
किंवा खुळ जाईल डोक्यातून.
त्यानं त्या बल्बसमोर धरल्या, एकेक,
मग बिडीबंडलाच्या कागदात गुंडाळून
बंडीच्या आतल्या खिशात.
मला दाखवल्या नाहीत. मीही मागितल्या नाहीत.
पुढं तीच प्रत फैजपूरला गेली, यावलला, चोपड्याला,
आणि प्रत्येक गावात हिरो त्या भिंतीपाशी
ठेच लागल्यासारखा उडायचा.
लोक म्हणायचे, रीळ जुनं आहे.

आता फाळक्यांवर स्टिकर.
टॉकीजच्या जागी केळी पिकवायचं थंड चेंबर.
सुपडूला जाऊन तीन कानबाया झाल्या.
वही द्वारकाबाईंनी धान्याच्या कोठीखाली सारली आहे,
कोठी डुलत होती म्हणून.
बिडीचा कागद सापडला नाही.

परवा नातवानं मोबाइलवर तो पिक्चर काढून दिला.
हिरो पळाला. भिंत आली.
ठेच लागली नाही, पळत गेला सरळ,
आणि माझाच पाय अडखळल्यासारखं झालं.
मागं ओढलं. पुन्हा ओढलं.
बोटाचा घाम काचेवर.
दोन गोल. डावा थोराड वाटतो. मधे काही तरी.

"ओलीचा डाग आहे आबा," नातू म्हणाला.

हिरो वाळूत पळत होता.
चहूकडं वाळू, मागं दोन उंट.

"ओल आली कुठून भो?" मी विचारलं.