उसवलेली अक्षरं

रिंकच्या तळघरात, बॉयलरशेजारी, माझं शिवणयंत्र.
चौतीस हिवाळे मी खेळाडूंच्या पाठीवर नावं शिवली,
आणि जवळजवळ तितकीच उसवली.

सुरुवातीला नावं नव्हतीच. नुसते आकडे.
एकोणपन्नास साली कागदाच्या गिरणीनं संघ काढला,
रात्रपाळी संपवून पोरं थेट बर्फावर यायची,
केसांत लगदा वाळलेला.
माझे वडील, एइनो, सात नंबर.
रेडपाथ पेपरमेकर्स. आठवड्याला बारा डॉलर,
आणि दात पडला म्हणून रजा मिळत नसे.

बासष्टच्या फेब्रुवारीत छप्पर बसलं,
बर्फाच्या ओझ्यानं, पहाटे, आत कोणी नसताना.
उरलेला हंगाम तळ्यावर खेळले.
तसं पुन्हा कधी खेळले नाहीत म्हणे.
म्हणे, म्हणजे वडील म्हणायचे.

मग नावं आली, आणि मी.
पांढऱ्या फेल्टची अक्षरं, माल महाग.
कोणी गेला की पाठ उसवायची,
अक्षरं बिस्किटांच्या डब्यात.
हुक्कालाचे दोन्ही के कोझलिकला पुरले.
डेशेनचा एस तिघांनी वापरला,
तिघांचेही खांदे निखळले.
चौथ्याला मी नवा कापला, पदरचे पैसे घालून.

आमच्याकडे 'वर गेला' म्हणजे मेला नव्हे.
वर म्हणजे मोठ्या लीगमध्ये,
जिथे बस नसते, विमान असतं, आणि गरम टॉवेल.
छप्पन्न वर्षांत चारजण वर गेले.
तिघं नाताळच्या आत परतले.
त्यांची अक्षरं मी डब्यात मिसळलीच नव्हती,
वेगळ्या पाकिटात ठेवली होती.
हे त्यांना कधी सांगितलं नाही.
चौथा फ्लोरिडात बोटी विकतो.

आणि व्हरशूर.
चौऱ्याहत्तरचा चषक, तिसरा जादा डाव,
अठ्ठावन्न फटके त्यानं अडवलेले.
एकोणसाठावा दोन पायांमधून गेला,
इतका सावकाश
की माझ्या पुढच्या बाईनं आधी टाळी वाजवली.
पुढं सतरा वर्षं तो गिरणीत, माझ्या नवऱ्याच्या पाळीला.
कँटीनमध्ये कोणी ना कोणी म्हणायचंच,
पाय जुळव रे.
तो हसायचा, सूप प्यायचा.
मग तोही वर गेला. खरोखरचा.

पुढच्या वर्षी गिरणी बंद.
संघ दातांच्या डॉक्टरनं घेतला,
आणि नाव ठेवलं वॉलरस. सुळ्यांसाठी.
हजार मैलांत एक वॉलरस नाही,
पण खेळाडूंचे दात फुकट बसवायचा,
तेव्हा त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही.

पाच साली संघ विकला गेला,
दक्षिणेत कुठेतरी, जिथे बर्फ फक्त पेल्यात असतो.
ट्रक आला. जाळ्या, भोंगा, जर्सी,
भिंतीवरचा एकुलता एक झेंडासुद्धा नेला.
डब्यात काय आहे, विचारलं एकानं.
बिस्किटं, म्हटलं.

गेल्या आठवड्यात दार वाजलं.
इस्पितळातल्या फिलिपिनो नर्सचा पोरगा,
नाक वाहतंय, हातात निळी जर्सी.
तळ्यावर मुलांनी संघ केलाय. नाव अजून ठरायचंय.
आडनाव मागबानुआ.
डबा उपडा केला. एम, जी, बी, एन, यू, सगळं मिळालं.
ए लागतात तीन. होते दोन.

व्हरशूरचा व्ही निघाला तळाशी, पिवळटलेला.
तो उलटा केला. दोन पाय फाकलेले.
मधोमध कोझलिकचा आय आडवा टाकला,
दुहेरी टाका, ओढून पाहिला.

पोरगा म्हणाला, हा एक जरा वेगळा दिसतोय.
म्हटलं, गोलात उभा राहतोस का?
हो म्हणाला.
मग असू दे.