निळी लेबलं

वॉल्व्हिस बेमध्ये सकाळ होत नाही.
धुकं जरा पांढरं होतं, एवढंच.
बसमधून उतरतात दोनशे चाळीस बायका,
पांढरे गमबूट, पांढरे एप्रन, केसांवर जाळी,
आणि पट्ट्यावरून हेक मासा येतो बर्फात निजून,
त्यांच्यापेक्षा आरामात.

मी इथली नर्स.
पहिल्या वर्षी काय केलं ते सांगते,
लाज वाटते तरी.
विंडहुकहून पोस्टरं मागवली: हसरी सफरचंदं,
रोज दहा हजार पावलं चाला.
प्रत्येकीच्या मनगटाला, ग्लोव्हच्या आत,
पावलं मोजणारा पट्टा बांधला.

महिनाअखेरीस पहिली आली नंगुला.
रोजची एकतीस हजार पावलं!
मॅनेजर डिऑननं टाळ्या वाजवल्या,
बक्षीस म्हणून पळायचे बूट दिले.
ती बूट हातात धरून म्हणाली,
"सिस्टर, मी तर सात ते पाच
एकाच फरशीवर उभी असते.
चालते ती सुरी."

हसले सगळे. मीही हसले.
रात्री मात्र डोळा लागेना.
महिनाभर रोज एकतीस हजार पावलं
उजव्या मनगटानं चाललेली ती बाई
कुठे पोचली असेल?

सोमवारी मी पोस्टरं उतरवली.
कपडे बदलायच्या खोलीत, हीटरशेजारच्या भिंतीवर
खडूनं एक बाई काढली, पुरी उंचीची.
चित्रकला माझी बेताची. पाय बदकासारखे आले.
क्रेटवर लावतात त्या निळ्या लेबलांचा गठ्ठा
खाली ठेवला. म्हटलं, दुखतं तिथे चिकटवा.
नाव लिहू नका.

डिऑन म्हणाला, हे म्हणजे
हात दाखवून अवलक्षण.
म्हटलं, हातच तर बघायचाय.

तीन दिवस भिंत कोरी.
चौथ्या दिवशी एक लेबल टाचेला,
मग पाऊस पडावा तशी.
आणि पाऊस तर इथे पडतच नाही.
उजवं मनगट निळं, कंबर निळी,
मान, बोटांची पेरं,
मनगटावर तर लेबलावर लेबल,
ढलप्यांसारखी, खवल्यांसारखी.

एक लेबल मात्र बाईवर नव्हतंच.
ते होतं दारावर.
कुणी खोडी केली म्हणून मी काढायला गेले,
तर मागून तुयेनी म्हणाली, राहू द्या.
संडासला जायचं तर मुकादमाला विचारावं लागतं,
सगळ्यांदेखत, हात वर करून.
म्हणून आम्ही पाणी पीत नाही.

अकरा वर्षं मी इथे मूतखड्याच्या गोळ्या वाटतेय.
अकरा वर्षं.

पुढचं फार मोठं नाही.
टेबलं चार बोटं उचलली,
बुटक्यांना पाट दिले.
पायाखाली रबर. रोज पहाटे टोबियास
सुऱ्यांना धार लावतो;
बोथट सुरी मनगट खाते
हे त्याला कधीचं ठाऊक होतं,
कुणी विचारलंच नव्हतं.
दाराचं ठरायला मात्र सात बैठका लागल्या.
टेबलांपेक्षा दार जड निघालं.

आता डिऑन आकडा मागतो:
रजा किती घटल्या, किती डॉलर वाचले?
देते मी आकडा. घटल्यात.
नंगुलानं बूट ओशाकातीला मुलाला पाठवले,
त्याला दोन नंबर मोठे होतात,
कापूस कोंबून पळतो म्हणे.

दर सहा महिन्यांनी लेबलं काढून
भिंत नव्यानं मांडते.
मनगट फिकं होत चाललंय. टाच अजून हट्टी.
आणि छातीवर, डावीकडे,
दर खेपेला एकच लेबल येतं,
नीट, कोपरे दाबून लावलेलं.

कुणाचं, ते विचारलं नाही.
त्याला उंचावायला टेबल नाही,
लावायला धार नाही.
गुरुवारी पाळी सुटल्यावर
मी हीटरपाशी दोन खुर्च्या ओढते,
रूइबॉसचा चहा करते, दोन कप,
आणि माझा कप हातात घेऊन
भिंतीकडे पाठ करून बसते,
म्हणजे येणारीला
माझं तोंड आधी दिसेल.

आजवर कोणी आलेलं नाही.
दुसरा कप मी बसच्या ड्रायव्हरला देते.
तोही परवा कंबर धरून उतरत होता.