इकामा

बाहेर एकोणपन्नास. आत उणे ऐंशी.
फ्रीजर उघडला की चष्म्यावर धुकं,
अख्ख्या सालमियातलं एवढंच.

सव्वीस वर्षं एकच विषाणू.
पेशीच्या ओसरीवर टेकतो,
मग हळूहळू पाय पसरतो,
आणि एके दिवशी सातबाऱ्यावर त्याचंच नाव.
मी आपली विचारत राहिले:
हा फेरफार मंजूर कुणी केला?
चार शोधनिबंध. एक परत आलेला. अर्धं उत्तर.

बाटलीवर लिहिलंय ज-१७.
म्हणजे जवाहिर. जहराची.
शालीला मेंढ्यांचा वास होता.
माझ्या पहिल्याच रमजानात गेली.
तिच्या पेशी मात्र अजून
दर तिसऱ्या दिवशी जेवायला मागतात,
ईदलासुद्धा.
टॅक्सी मिळाली नाही तर चालत जायचे,
तोंडाला ओढणी, दातांत वाळू.

काल ऑफिसातला पोरगा म्हणाला,
डॉक्टर गद्रे, साठ पूर्ण झाली,
एकतीसला इकामा रद्द.
ज-१७ला तारीख नाही.

नौफला सगळं शिकवलंय.
माध्यम कोमट करून घाल.
बाटली तिरपी धर, फेस नको.
घाई करू नकोस.
बोललीस तरी चालेल.
मी बोलायचे.