मंगळवारची चौकट

मॅनिटोबात, उणे एकतीसमध्ये, चर्चच्या तळघरातला हीटर
आधी खोकतो, मग तापतो.
तोवर आम्ही कोट न काढता
लाकडी चौकट दोन घोड्यांवर चढवतो.
चढवतो म्हणजे मी चढवतो. इथं माझं
पहिलं काम तेच होतं. दुसरं, सुया ओवण्याचं.
धान्याच्या कोठारावर छत्तीस वर्षं काढलेला माणूस मी,
सुई धरली की नेढं दिसतच नाही, बोटच दिसतं.

युस्टिना गेली ऑक्टोबरात.
नोव्हेंबरात आगाथा टीसन दारात उभी:
"कॉर्नेलिउस, चौकटीची उत्तरेची बाजू रिकामी आहे.
कापड एका अंगाला ओढ घेतं."
एवढंच. बिटाच्या सूपची बरणी
ओट्यावर ठेवली आणि गेली.

तर मी उत्तरेला बसतो.
डावीकडे नेटा फ्रीसन, जी बोलत नाही,
उजवीकडे हेल्गा, जी थांबत नाही:
जावयाचा ट्रक, गुडघा, रविवारी पाद्री कुठे चुकला.
मध्ये पसरलेले बेचाळीस ब्लॉक.
कुणाच्या पडद्याचा मोहरी रंग,
कुणाच्या नातवाच्या पायजम्यावरची अर्धी अस्वलं,
आणि एका चौकोनात युस्टिनाचा ॲप्रन;
खिसा उसवून काढला तरी
खिशाएवढा निळा गडद राहिलेला.
माझा हात तिथवर पोचत नाही. बरंच आहे.

गोधडी कुठे जाणार, आम्हाला ठाऊक नसतं.
गठ्ठा, ट्रक, जहाज,
मग कुठल्याशा तंबूत कुणीतरी पांघरेल.
"थंडीला टाके मोजता येत नाहीत," आगाथा म्हणते.
स्वतः मात्र मोजते. इंचाला दहा.
माझे इंचाला चार, तेही
न पिता प्यायल्यासारखे.

जानेवारीत एकदा हातमोजे विसरलो.
परत आलो आणि जिन्यात पाचव्या पायरीवर थबकलो.
चौघी उत्तरेच्या बाजूला. दिवा खाली ओढलेला.
हेल्गा गप्प.
सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत
माझा सगळा मंगळवार त्या उसवत होत्या.
कुणी हसत नव्हतं.
मोकळ्या झालेल्या रेषेवरून मागोमाग
नेटाचं अंगुस्तान चालत होतं,
इंचाला दहा.

हातमोज्यांशिवायच निघालो.
स्टिअरिंग म्हणजे नुसता बर्फ.
राग येईल म्हणून वाट पाहिली, रुळांपर्यंत.
रुळांपाशी दुसरंच आठवलं.
युस्टिनाचं शेवटचं वर्ष. औषधानं बोटं बधिर,
कप कानाला धरला तरी निसटायचा,
आणि मंगळवारी मात्र दारातूनच सांगायची:
"आज पिसांची आख्खी नक्षी संपवली, कॉर्नी.
ये बघायला. टाके पूर्वीसारखेच पडतात."
गेलो होतो बघायला.
पूर्वीसारखेच होते.

गाडी यायची नव्हती. सिग्नलही नव्हता.
तरी किती वेळ थांबलो होतो कोण जाणे,
मागून बर्फ काढणारा ट्रॅक्टर आला
आणि त्यानं भोंगा वाजवला.

पुढच्या मंगळवारी हातमोजे माझ्या खुर्चीवर,
एकात एक खोचलेले.
मी बावीस सुया ओवल्या. उत्तरेला बसलो.
"जमायला लागलंय हं तुला," हेल्गा म्हणाली
आणि जावयाच्या ट्रककडे वळली.
"बघतोय," म्हटलं.

एक बदल केलाय तेवढा.
दोरा आता ओढून घट्ट बसवत नाही.
गाठ मारतो, ती नावापुरती.
आगाथाला यंदा ब्याऐंशी लागलं,
नेटाचीही बोटं थंडीत आखडतात.
उसवताना जड जाऊ नये.