एकसष्ट

डिचोलीत, फार्मसीचं शटर अर्धं ओढून
काउंटरवर पत्ते मांडतो: लाल आणि हिरवे.
तिसरा रंग नको, ऑस्विन म्हणायचा,
जमीन पुरत नाही.

काल पुन्हा हरलो, बेकरीतल्या पोराकडून.
हातात सात पत्ते, सहा महागडे,
जमीन एकच.
राक्षस धरून बसलो नुसता,
गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी बसतो तसा.

म्हणून आज दोन ड्रॅगन बाहेर.
त्यांच्या जागी एक डोंगर, एक रान.
दिसायला काहीच नाहीत,
पण तिसऱ्या चालीला उपाशी ठेवत नाहीत.
आगीचे चार होते, तीन पुरे.
रानडुक्कर राहू दे.
गरीब आहे, पण वेळेवर येतं.

मोजले. एकसष्ट.

पुन्हा मोजले. मधेच ते कासव,
निळं, माझ्या कुठल्याच जमिनीवर न चालणारं,
स्विंडनला जाताना ऑस्विनने
पावाच्या पिशवीतून दिलेलं.
"घाल रे कधीतरी तिसरा रंग," म्हणाला,
स्वतःचाच नियम मोडून.

शटरखालून कुणी वाकून विचारतं,
"तापाची गुळी आसा?"
देतो. सुटे परत करतो.

साठांना रबर लावतो.
कासव गल्ल्यात,
दहाच्या नोटांवर, उताणं.