शंभर नंबरी

काजूच्या पोत्यांआड, मागच्या खोपटात
बस्त्यावने पिंपाचं बूच फिरवलं
तेव्हा मला कळलं, पेट्रोलला रंग असतो.
निळं.
पाणी घालून पुरवलेल्या शाळेतल्या शाईसारखं,
आणि वास जरासा गोड,
नको इतका.

किनारा मोजायला आलेलं दोन पंख्यांचं विमान
चार महिने सड्यावरच्या कच्च्या पट्टीवर होतं.
ते उडून गेलं, दोन पिंपं मागे राहिली.
राखणदार तोरसकर म्हणाला,
"गंजान जातला, त्यापरास घेवन जावा."
एका पिंपाची त्याने सुरमई घेतली.
दुसऱ्याचं काहीच नाही.

फियाट चौऱ्याहत्तर सालची.
तिचं हेड बस्त्यावने कुडाळला घासून आणलेलं,
पिस्टन डोक्याला घुमट असलेले,
बहारिनहून भावाने धाडलेले, कधीकाळी.
दाब साडेदहास एक, तो म्हणायचा,
जसं कुणी मुलाचे मार्क सांगावेत.
मला आकडा कळत नव्हता, आवाज कळायचा:
आंबोलीचं पहिलं वळण लागलं की बॉनेटखाली
पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या.

"ठोकता," म्हणून तो गिअर खाली टाकायचा.

पंपावरचं पेट्रोल उतावळं, त्याने मला समजावलं
पानाला चुना लावता लावता.
पिस्टन अजून वर चढतोय, ठिणगीची ज्योत वाटेत आहे,
आणि कोपऱ्यातलं उरलंसुरलं
आपलं आपण भडकतं.
"ह्या निळ्याक जोर जास्ती नाय रे.
धीर आसा.
पाळी येयसर पेटाचा नाय."

पहाटे साडेचारला आम्ही निघालो,
टाकीत दहा लिटर, जुन्या लुगड्यातून गाळलेलं.
दाणोली मागे पडली. वळण आलं.
मी दात आवळून बसलो होतो.
काही नाही.
दुसरं वळण. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय तळाशी,
काही नाही.

तो आवाज गेला आणि बाकीचे आले:
डाव्या दाराची खिळखिळ,
माझ्या पायाशी पान्यांची कुजबुज,
दरीत कुठेतरी वानर,
आणि मग बस्त्याव,
जो गाडीत कधी बोलत नसे.
लुईबद्दल बोलला. विमानांच्या इंजिनावर कामाला असलेला लुई.
बापाच्या मयताला दोन दिवस उशिरा आला म्हणून
"मी तेका दारातच नको ता बोललंय.
बॅग खाली ठेवक दिलंय नाय."
अकरा वर्षं.
पुढे एक एसटी उतरत होती, तिला त्याने वाट दिली.

माथ्यावर चहा घेतला. धुकं होतं. परत आलो.

तीन आठवड्यांत प्लग राखाडी झाले,
टोकाला मण्यांसारखं काहीतरी चिकटलेलं.
मी नखाने खरवडत होतो,
बस्त्याव त्याच निळ्याने हातांचं ग्रीस धूत होता.
फिलू दवाखान्यातून आली, नर्सच्या साडीतच,
आणि तिने तो डबा लाथेने उडवला.
शिसं आहे त्यात, म्हणाली. शिसं हाडात जाऊन बसतं.
या पोराचं वय काय?
मी चौदा म्हणालो. मला तेरा होतं.

मग साबण आला, लाल, दोन वड्या.
हेडखाली एकावर एक दोन गॅस्केट बसली,
दाब उतरला, गाडी इतकी गरीब झाली
की घाटात तिला दुधाचा टेम्पो मागे टाकायचा.
त्याला राग येत नसे. निदान दिसत नसे.

एका दुपारी त्याने मला बॉनेटवर पाकीट ठेवून
पत्ता लिहायला सांगितला, माझं अक्षर बरं म्हणून.
बहारिन लिहिताना मी हि ऱ्हस्व की दीर्घ विचारलं.
"तुका काय व्हया ता घाल."
पाकीट घेताना त्याचा अंगठा उमटला, काळा, रेघान् रेघ.
मी पुसायला गेलो.
"रवांदे," तो म्हणाला, "वळखतलो."

उत्तर आलं का, ठाऊक नाही.
मी पुढच्या शिमग्यानंतर कोल्हापूरला गेलो.
दुसरं पिंप त्याने उघडलंच नव्हतं.
खोपटात उन्हं आली की ते
फुगून एकदाच वाजायचं, ठण्ण,
आणि काम करता करता
आम्ही दोघेही मान वर करायचो.