नावाचा रकाना

रात्री बाराला फॉर्म बंद होणार
आणि आमच्या अकरा मिनिटांच्या फिल्मला अजून नाव नाही.
लॅपटॉपवर ती ‘फायनल ३ खरंच फायनल’ म्हणून पडलीय,
बारसं राहून गेलेल्या पोरासारखी.

शारजात, अल घुवैरच्या मागच्या गल्लीत,
एसीचं पाणी ज्या पायरीवर ठिबकतं
तिथं राजन्नाचं इस्त्रीचं दुकान.
गाव जगत्यालजवळ. इथं बावीस वर्षं उभा.
पांढऱ्या कंदुऱ्याच्या बाहीवर तो वाफ सोडतो
तेव्हा शिबिनची लेन्स धुरकटते,
आणि शिबिन म्हणतो, पुसू नका, राहू दे.

कॉलरच्या आत मार्करनं नंबर.
राजन्नाला माणसं नंबरानंच ठाऊक.
एकोणीसला कांजी चालत नाही.
त्र्याऐंशीचं पोट सुटलंय, बटणं सांगतात.
एक्केचाळीस परत आलाच नाही.
त्याचा पिवळसर शर्ट, नवाकोरा,
घडी करून, प्लास्टिकमध्ये, वरच्या फळीवर
तीन वर्षं.
व्हिसा संपला असेल, किंवा नोकरी,
किंवा सरळ विसरला असेल.
फिल्म एवढीच आहे.

हद्दाद मॅडम म्हणाल्या, नाव असं हवं
की चालता माणूस थांबला पाहिजे.
इलाफ म्हणाली, ‘एक्केचाळीस’.
शिबिन म्हणाला, लोकांना तापमान वाटेल.
(ऑगस्टात तर कमीच वाटेल.)
‘वाफ’ म्हणजे खानावळीची जाहिरात.
‘न नेलेला शर्ट’ म्हटलं
तर नावातच गोष्ट संपली, आत कोण येईल?
‘प्रतीक्षा’ मीच सुचवलं आणि मलाच लाज वाटली.
शाळेत माझ्या वर्गात त्या नावाच्या दोघी होत्या,
दोघी कायम उशिरा यायच्या.

साडेअकराला आईनं दोरीवरचे कपडे
माझ्या मांडीत टाकले:
बसलीच आहेस तर घड्या घाल.

घडी.
दुमड ती घडी. घटकाभर वेळ ती घडी.
संसाराची ती, जी बसता बसत नाही.
आणि नवं काही पहिल्यांदा अंगावर घालतो
तेव्हा आपण मोडतो, तीही.
उशीची खोळ हातात तशीच धरून
मी राजन्नाला फोन लावला.

तो शटर ओढत होता.
‘घडी?’ त्याची हिंदी गिऱ्हाइकापुरती.
‘माझ्या दुकानात घडी कुठाय, बेटा?
होती ती बंद होती. शूटिंगला तुम्हीच उतरवली.’
खरं होतं. भिंतीवर तिच्या जागी
पांढरा गोल डाग आहे,
आमच्या फिल्ममध्ये तो दोनदा दिसतो.

अकरा अठ्ठावन्न. ‘घडी’ भरलं.
इंग्रजीच्या रकान्यातही उच्चार तसाच टाकला,
अरबीचा इलाफनं अंदाजे.
मग ऑफिसात कुणा सज्जन माणसानं
ते हिंदी समजून आम्हाला मदत केली.
छापील पत्रिकेवर आलं: ‘मनगटी घड्याळ’.

तर अंधारात ऐंशी माणसं
अकरा मिनिटं घड्याळाची वाट बघत बसली.
एरवी इतकं टक लावून
त्या पांढऱ्या डागाकडे कुणी पाहिलं असतं?
दिवे लागले, पुढच्या रांगेतून एक हात वर आला:
घड्याळ नेमकं कुठं होतं?
इलाफनं माझ्याकडे पाहिलं. मी शिबिनकडे.
शिबिन लेन्सचं झाकण शोधू लागला.

राजन्ना मागे दाराशी उभा होता,
खुर्च्या रिकाम्या असून.
अंगात पिवळसर शर्ट.
छातीवर आडवी, पोटावर उभी,
तीन वर्षांच्या दुमडीची रेघ न् रेघ,
खुद्द इस्त्रीवाल्यानं न काढलेली.

माइक माझ्या हातात होता.
शर्ट त्याला खांद्यात मोठा होत होता.